एका ठोशाची ताकद

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जेवताना वाद कशावरून होतात? आमच्या मानोऱ्याच्या घरी पूर्वी व्हायचे ते भाजीतल्या मिठावरून. पण सोयाबीन निघाल्यापासून एकच वाद चालू आहे : सैतामा खरोखर किती ताकदवान?

हा सैतामा कोण, असं मीही विचारलं होतं. सासूबाईंना तर ते नाव भलतंच ऐकू आलं. ‘‘दिवेलागनीले सैतानाचं नाव कायले घेता रे पोट्टेहो?’’ म्हणून त्या दोघांवर खेकसल्याच! दोघं म्हणजे आमचा नववीतला धाकटा आणि शिकायला आमच्याकडे राहिलेला दिरांचा मुलगा.

सैतामा हा ‘वन पंच मॅन’ या जपानी चित्रकथेचा नायक. ‘वन’ असंच टोपणनाव घेतलेल्या लेखकानं ती २००९ साली इंटरनेटवर सुरू केली. पुढे २०१२पासून युसुके मुराता या चित्रकारानं ती नव्यानं रेखाटली आणि २०१५ साली तिची कार्टून मालिका आली. नायक दिसायला अगदी साधा. डोक्यावर एक केस नाही. पण समोर केवढाही राक्षस येवो, एका ठोशात आडवा! त्यामुळे बिचारा कंटाळून गेलेला असतो, आणि दुकानात सेल लागला की पिशवी घेऊन धावतो. हे ऐकल्यावर मला तो जरा आपल्यातला वाटू लागला, बरं का!

पुतण्याचं म्हणणं, ‘ड्रॅगन बॉल’मधला गोकू जास्त ताकदवान. तो मार खातो, पुन्हा तयारी करतो, वाढतो. त्याची ताकद मोजता येते. ‘‘सैतामाची ताकद कोणी मोजलीच नाही, मग ती अमाप कशी? अन् बोरोसले तर एकाहून जास्त ठोसे लागले!’’ धाकटा म्हणायचा, ‘‘पण सैतामा दमला का कधी?’’ मग पुतण्या हसून म्हणायचा, ‘‘साधा डास मारता येत नव्हता त्याले!’’ सासूबाईंचा निकाल ठरलेला. ‘‘आपल्या मारोतीपुढं कोनी नाही. फक्त त्याले आपली ताकद ठाऊक नव्हती, जांबवंतानं सांगा लागली.’’

मी हसत होते आणि पोळ्या लाटत होते. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात येत नव्हती. धाकटा हे सगळं आजीशी बोलायचा, भावाशी बोलायचा, पण वडिलांशी एक अक्षर नाही. ‘हे’ जेवायला बसले की याचं ताट उचललं जायचं.

एक दिवस पहाटे जाग आली तर त्याचं अंथरूण रिकामं. घाबरून दारात गेले, तर स्वारी दिग्रस रस्त्याकडून लंगडत येत होती. गुडघा टम्म सुजलेला. खोदून विचारलं तेव्हा कळलं : रोज शंभर जोर, शंभर बैठका, पोटाचे व्यायाम शंभर आणि दहा किलोमीटर धावणं! सैतामाला त्याची ताकद म्हणे यातूनच मिळाली. तीन वर्षं रोज हेच केलं आणि केस गेले.

‘‘आणि तुला कुणाला ठोसा मारायचाय?’’ मी विचारलं.

तो गप्प. हळदीचा लेप लावता लावता मीही गप्प राहिले. शेवटी म्हणाला, ‘‘आई, त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत.’’

मग सगळं उलगडलं. सोयाबीन विकायला हा वडिलांबरोबर गेला होता. एका व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, माल ओला आहे म्हणून भाव पाडला आणि चार लोकांत ह्यांना नको ते बोलला. ह्यांनी मान खाली घालून पैसे मोजून घेतले. पोरगं ट्रॅक्टरजवळ उभं राहून पाहत होतं. मला घरी येऊन दोघांनीही काही सांगितलं नव्हतं.

मला मात्र एवढं ठाऊक होतं, की दुसऱ्या दिवशी मोठीच्या अमरावतीच्या वसतिगृहाचे पैसे भरायची शेवटची तारीख होती. माल परत आणला असता तर तिची खोली गेली असती.

त्याच क्षणी हे सांगावंसं वाटलं. पण चौदा वर्षांच्या मुलाला आईनं वडिलांची बाजू सांगितली, की ती वकिली वाटते! म्हणून त्या दुपारी आवराआवर झाल्यावर मी पुतण्याला म्हटलं, ‘‘दाखव बाबा तुझा तो सैतामा.’’ चार दिवस मेथी निवडत मी मोबाइलवर ती मालिका पाहिली.

आणि मला हवं ते सापडलं. समुद्रातून एक राक्षस येतो. लोकांना वाचवताना एकेक वीर मार खाऊन पडतो. त्यांत एक साधा सायकलवाला असतो. आपण हरणार हे ठाऊक असून तो उभा राहतो. शेवटी सैतामा येतो आणि एका ठोशात काम संपवतो. तेव्हा गर्दीतला एकजण म्हणतो, एका ठोशात मेला, म्हणजे आधीचे वीर कुचकामीच! त्यावर सैतामा काय करतो? हसत सांगतो, की त्यांनीच राक्षसाला दमवलं होतं, मी आयत्या वेळी येऊन श्रेय लाटलं. लोक त्याला लबाड ठरवतात. तो ऐकून घेतो आणि घरी जातो.

रात्री मी धाकट्याला विचारलं, ‘‘त्या गर्दीत सैतामा का रे बोलला नाही? एका ठोशात तोंड बंद करता आलं असतं.’’

‘‘बाकीच्यांची इज्जत जाऊ नये म्हणून,’’ तो पटकन म्हणाला.

‘‘बरं,’’ मी म्हटलं, आणि डब्यातून वसतिगृहाची पावती काढून त्याच्यापुढं ठेवली. तारीख त्यानंच वाचली. मी एक शब्द जास्त बोलले नाही. तोही बोलला नाही. बराच वेळ पावतीकडे पाहत राहिला.

व्यापारी बोलला ते बरोबर होतं, असं मला म्हणायचं नाही. अपमान गिळणं हीच मोठी ताकद, असंही मी मुलांना शिकवणार नाही; गिळायची सवय लागली की ती जात नाही, हे आपल्या बायकांइतकं कुणाला ठाऊक? पण कोण कशासाठी गप्प राहिलं, हे तरी घरच्यांना कळायला हवं. मारुतीलासुद्धा जांबवंत लागला, मग आपली तर माणसं!

गुडघा उतरला. शंभराचे जोर आता वीसवर आले आहेत. सैतामाच्या कथेत त्याचा चेलासुद्धा या व्यायामाच्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, हे मी धाकट्याला आठवण करून दिलं!

परवा तुरीला जायचं होतं. ‘हे’ चप्पल घालत होते. धाकटा आतून येऊन म्हणाला, ‘‘बाबा, मी येऊ?’’ ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोळी लाटत राहिले.

बाकी वाद अजून मिटलेला नाही. काल सासूबाईंनीच विचारलं, ‘‘काहून रे, त्या टकल्यानं डास मारला का नाही मंग?’’