आम्ही एंजिन उतरवितों

मोटार चालविणें आणि मोटार उघडणें या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. परंतु पहिली येते म्हणून दुसरीही येत असलीच पाहिजे, असें समजणाऱ्या भोळ्या लोकांत आमची गणना होते. एरव्हीं अलिबागच्या घरापुढें सात वर्षें झांकून ठेवलेल्या ‘पद्मिनी’चें एंजिन स्वहस्तें उतरविण्याचा विडा आम्हीं या उन्हाळ्यांत उचलला नसता.

गाडी आमच्या अण्णांची. मूळची ही इटलीच्या फियाटची ११०० जातीची घडण. ती आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. तिची घडण थांबून आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें तर तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. एंजिन साधें, चार सिलिंडरांचें, १०८९ घनसेंटिमीटरांचें. प्रत्येक सिलिंडर ६८ मिलिमीटर रुंद आणि त्यांतल्या दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. चारांपैकीं एक दट्ट्या गंजून चिकटला कीं उरलेले तिघेही जागचे हलत नाहींत, कारण चौघेही एकाच दांड्याला बांधलेले. एकत्र कुटुंबाची पद्धत या यंत्रांत अजून चालू आहे.

आमच्या घरांत ती अण्णांच्या तेराव्यालाच मोडली. त्या दिवसांत मन रमावें म्हणून आम्ही गाडीचे प्लग साफ करीत होतों. तिसरा प्लग काढून हातांत होता, तोंच ओसरीवर वांटणीचा विषय निघाला, शब्दानें शब्द वाढला, आणि त्या भोंकांत हाताशीं आलेलें फडकें कोंबून आम्हीं मुंबईची वाट धरली. प्लग खिशांतच राहिला. दोन वर्षांनीं एंजिन जाम झाल्याचें कळलें, तेव्हां वडीलबंधूंना आम्हीं पत्र लिहिलें, आणि त्यांत ‘आपल्या हयगयीमुळें’ असे शब्द घातले. फडकें आम्हांस आठवत नव्हतें असें म्हणतां आलें असतें तर किती बरें झालें असतें!

यंदां दादांचा निरोप आला, कीं भंगारवाला चांगला भाव देत आहे. आम्ही दुसऱ्याच दिवशीं निघालों. पहिल्या सकाळीं, दादा बाजारांत गेलेले पाहून, जुना प्लग त्या भोंकांत बसवून टाकण्याचा प्रयत्नही आम्हीं केला. पण खाऱ्या हवेनें आटे खाऊन टाकले होते. प्लग एक फेराही फिरेना. फडकें होतें तसें पुन्हां आंत सारलें.

मग कामास लागलों. बॅटरी सोडविली, पाणी आणि तेल काढून टाकलें, बिजागऱ्यांभोंवतीं खडूच्या रेघा ओढून बॉनेट दोघांनीं उचलून भिंतीशीं टेकविलें. रेडिएटर, कार्ब्युरेटर, सायलेन्सरची नळी, तारा. प्रत्येक नट कोणत्या डब्यांत गेला हें दादा पाटीवर लिहीत. इतपत काम कोणासही साधेल. खरी परीक्षा पुढें होती. गिअरबॉक्स गाडींतच ठेवावयाचा, आणि त्याचा दांडा तर क्लचच्या चकतीच्या पोटांत शिरलेला. एंजिन सरळ वर ओढलें तर दांड्यावर सारा भार येऊन चकती वांकते. म्हणून गिअरबॉक्सखालीं जॅक लावून, एंजिन आधीं पुढें, आडव्या रेषेंत, कांहीं बोटें सरकवावें लागतें; दांडा सुटला कीं मगच वर. एकानें सांखळी ओढावी आणि दुसऱ्यानें एंजिन हातांनीं सांवरीत सांगावें, हें एकट्याचें काम नव्हे. सात वर्षांत आम्हां दोघांत जेवढें बोलणें झालें नव्हतें तेवढें त्या एका तासांत झालें, तें सगळें ‘जरा पुढें’, ‘थांब’, ‘माझ्याकडे घे’ एवढ्याच शब्दांत.

दांडा सुटला. सांखळी खडखडत वर गेली, आणि भार उतरतांच गाडीचें नाक स्प्रिंगांवर हलकेंच वर आलें. तिवईखालीं लोंबणारें तें काळें धूड आपल्याच वजनानें सावकाश फिरलें, आणि इतका वेळ अंधारांत असलेली प्लगांची बाजू उजेडाकडे झाली. तीन प्लग; आणि दुसऱ्या-चौथ्याच्या मध्यें अण्णांच्या जुन्या धोतराचा कांठ.

“हें कोणी कोंबलें?” दादांनीं विचारलें.

“मीं. तेराव्याला.” आणि थोड्या वेळानें, “पत्र लिहिलें तेव्हां मला ठाऊक होतें.”

दादांनीं तें फडकें दोन बोटांनीं बाहेर ओढलें. तें तांबड्या गंजानें ताठ झालें होतें. त्यांनीं तें उलटें-सुलटें करून पाहिलें, पाटीशेजारी ठेवलें, आणि पुन्हां दोन्ही हात एंजिनावर टेकले.

“सोड सांखळी,” ते म्हणाले. “हळू. पाय सांभाळ.”