ओटीचा हिशेब

मराठीतल्या काही शब्दांचे नशीब मोठे मौजेचे असते. 'ओटी' हा त्यांतलाच एक. खण, नारळ, तांदूळ आणि सुवासिनीचा पदर यांच्या संगतीत त्याने पिढ्यान् पिढ्या सुखाने काढल्या. पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, त्यामागून मोटारींचे कारखाने आले, आकुर्डी-भोसरीपासून थेट चाकणपर्यंत पाळ्या सुरू झाल्या आणि या शब्दाने दुसरे घर केले. निगडीला आम्ही नवे बिऱ्हाड थाटले, तेव्हा शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, "आज ह्यांची ओटी आहे, जेवायला उशीरच होईल." पुण्याच्या पेठेत वाढलेली आमची सौ. अवाक् झाली! ओव्हरटाइमची दोन इंग्रजी अक्षरे मराठीच्या पदरात अशी बेमालूम पडली आहेत.

या दुसऱ्या ओटीचा अर्थ मला नीट कळला तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. गोष्ट २०२३ सालची. चाकणच्या बाजूला एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून कामाला होता आणि जमेल तसा बी. ए. च्या वर्गाला येई. वर्गात अर्जलेखन शिकवले त्या दिवशी तो मागे रेंगाळला. खिशातून पगाराची चिठ्ठी आणि एक लहानशी डायरी काढून म्हणाला, "सर, 'विनंती' लिहू की 'मागणी'?"

डायरीत रोजचे तास लिहिलेले होते. आठ तासांची मजुरी ६०० रुपये, म्हणजे तासाला ७५. त्या महिन्यात तो ४० तास जादा थांबला होता. चिठ्ठीत त्याबद्दल ३,००० रुपये होते खरे, पण ते 'इतर भत्ता' या गोंडस नावाखाली. जादा तासालाही तेच ७५ रुपये.

भाषेच्या मास्तराला नाव बदलले की संशय येतो. मी कायदा काढून बसलो. १९४८ च्या कारखाना कायद्याचे ५९ वे कलम स्पष्ट होते. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडे काम झाले, तर त्या जादा वेळाची मजुरी दुप्पट. सहा दिवसांचे आठ-आठ तास धरले की ४८ भरतात; पुढचा प्रत्येक तास दीडशे रुपयांचा. म्हणजे ४० तासांचे ६,००० व्हायला हवे होते. माणूस ठेकेदाराचा असला म्हणून हक्क उणा होत नव्हता. उलट ठेकेदाराने मजुरी चुकवली तर ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा सांगत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या. दुप्पट मजुरी मात्र तशीच राहिली. शिवाय जादा कामाला कामगाराची संमती हवी, हेही त्यांत लिहिले आहे.

ही दुप्पट कशासाठी? तुम्ही म्हणाल, कष्टाचे बक्षीस. मला ते कुंपण वाटते. "आज थांब" म्हणण्यापूर्वी मालकाने दोनदा विचार करावा, नेहमीच निकड असेल तर आणखी एक माणूस नेमावा, यासाठी तो तास महाग केलेला असतो. तो स्वस्त झाला की कामगाराची संध्याकाळच नाहीशी होते. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची सुट्टीदेखील नव्हती. ती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० साली रविवार कामगारांचा झाला. लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातले. चाकणही त्याच तालुक्यात!

मी त्याला म्हटले, "विनंती नको, मागणीही नको. 'हिशेब मिळावा' असे लिही." अर्जावर आणखी पाच जणांनी सह्या केल्या. ठेकेदार पहिल्यांदा म्हणाला, "जमत नसेल तर येऊ नका." पोरे घाबरली, पण कारखान्याच्या कचेरीत त्यांनी अर्जाची प्रत दिलीच. दोन महिन्यांनी चिठ्ठीत ओव्हरटाइमचा वेगळा रकाना आला, दरही दुप्पट झाला. मागची बाकी मात्र मिळाली नाही.

आणि जादा तास एकदम पंधरावर आले! कुंपणाने आपले काम केले होते. आता तो वर्गाला वेळेवर येऊ लागला. मी खुशीत होतो. तो म्हणाला, "सर, पूर्वी ओटीचे तीन हजार यायचे, आता सव्वादोन येतात. गावी आईला कमी पाठवावे लागतात." माझ्याजवळ उत्तर नव्हते. आठ तासांच्या मजुरीत घर चालत नसेल, तर माणूस आपली संध्याकाळ आपणहूनच विकायला काढतो. तिथे दुपटीचे कलम अपुरे पडते.

आपल्या घरी तरी वेगळे काय घडते? दिवाळीच्या गडबडीत भांडीवाल्या मावशींना आपण किती सहज म्हणतो, "आज जरा थांबा हं!" कारखान्याचा कायदा आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. पण त्यांच्याही घरी करंज्या व्हायच्या असतात, आणि त्या 'जरा'ची किंमत बहुधा दोन लाडवांवर भागवली जाते.

लक्ष्मीपूजनाला आपण हिशेबाच्या वह्या पुजतो. जमाखर्च चोख असावा, कुणाचे देणे राहू नये, हाच त्यामागचा भाव. त्या पोराच्या डायरीत रुपये थोडे आहेत, तास पुष्कळ आहेत. त्या वह्यांशेजारी तिलाही हळदकुंकू वाहायला काय हरकत आहे?