ओझे वाटून घेणारी जोडणी

हुबळीच्या गोकुळ रोडवरील एका वर्कशॉपात आम्ही जुन्या लेथची मोटार जोडली. पाटीवर दोन आकडे होते : डेल्टाला २३०, स्टारला ४०० व्होल्ट. लाइन ४०० ची, म्हणून वायर काढून स्टार केला. आता दोन लाइनींमधला दाब दोन वायंडिंग मिळून सोसतात. प्रत्येकीच्या वाट्याला २३० च येतात. डेल्टात एकेकीवर पूर्ण ४०० येऊन ती जळाली असती.

आमच्या मंडळीत संडे स्कूल, गायन आणि आजाऱ्यांच्या भेटी एकाच भगिनीवर आहेत. ती थकली आहे. गलती ६:२ मध्ये पौल ओझी एकमेकांनी वाहायला सांगतो. येत्या रविवारपासून भेटींना आम्ही जाऊ. गायनाला कोण येईल?