उपवास आणि गोळी

गुडघेदुखीने गांजलेली वडीलधारी मंडळी कम्युनियनपूर्वीचा उपवास मोडू नये म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी रिकाम्या पोटी घेतात. श्रद्धा वंदनीय खरी. परंतु चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९१९ वा नियम वृद्धांना व आजाऱ्यांना, तासाभरात काही खाल्ले असले तरी, कम्युनियनची मुभा देतो. तेव्हा अगोदर दोन घास खावेत. त्याने जळजळ कमी होईल. व्रणाचा धोका मात्र टळत नाही. १९७१ साली जॉन वेन यांनी दाखविले की ॲस्पिरिनच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. हेच द्रव्य वेदना वाढविते, आणि जठराचे अस्तर व मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही तेच सांभाळते! म्हणून पिपरी मेघेच्या वैशाखात, अंगातले पाणी आटलेले असताना, ही गोळी अधिक घातक. शौच डांबरासारखे काळे झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.