सिस्टर, तुम्हाला काय दिसते?

आमच्या उर्दू शाळेतून शिकून गेलेल्या मुली पूर्वी बारावीनंतर डी.एड.चा अर्ज भरायच्या. शिक्षक भरती मंदावली, तशा त्यांतल्या काही जणी नर्सिंगकडे वळल्या. नांदेडच्या देगलूर नाक्याची मुलगी लातूरला खासगी दवाखान्यात रात्रपाळी करते, ही गोष्ट मोहल्ल्यात अजूनही सहज पचत नाही. घरच्यांना रात्रीच्या बसची आणि लग्नाची काळजी असते. मला मात्र हल्ली वेगळीच काळजी वाटते. ही मुलगी तिथे तोंड उघडू शकते का?

माझी एक विद्यार्थिनी अतिदक्षता विभागात काम करते. ईदला नांदेडला आली की भेटून जाते. तिने सांगितलेला प्रसंग असा. रात्री दोनचा सुमार. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाची कूस बदलली आणि थोड्याच वेळात मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरू लागला. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर मशीनची बटणे फिरवत राहिले. हिच्या लक्षात आले की ओठाजवळ नळीवरची खूण बदलली आहे, म्हणजे घशातली नळी सरकली आहे. ती हळूच म्हणाली, "सर, एकदा नळी बघता का?" उत्तर आले, "तुम्ही तुमचे काम करा." ती गप्प झाली. काही मिनिटांनी भूलतज्ज्ञ धावत आले. त्यांनी आधी नळीच पाहिली. रुग्ण वाचला. सकाळी पाळी बदलली, सगळे आपापल्या घरी गेले. त्या रात्रीबद्दल पुन्हा कोणी एक शब्द काढला नाही.

"मेरेकू मालूम था बाजी," ती म्हणाली, "पर कैसा बोलना, वो कोई सिखायाच नै."

मी बी.एड. झालेली शिक्षिका. तिचे हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. नळीची खूण ओळखणे तिला शिकवले गेले होते. ओळखलेली गोष्ट ऐकली जाईल अशी सांगणे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते. आणि ऐकून घ्यायला त्या डॉक्टरांना तरी कोणी शिकवले असेल?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. २९ मार्च २००५ रोजी इंग्लंडमध्ये इलेन ब्रॉमिली या महिलेला सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यात आली. श्वासनलिकेत नळी जाईना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करत राहिले. गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडण्याचे साहित्य एका नर्सने आणून ठेवले, तसे सांगितलेही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. काय करायला हवे ते त्यांना कळले होते, पण त्यांचा शब्द पोहोचला नाही. तेरा दिवसांनी इलेन वारल्या. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली हे वैमानिक. त्यांनी सूडाची भाषा केली नाही. विमानात आम्हाला शिकवतात ते दवाखान्यात का शिकवत नाहीत, एवढेच त्यांनी विचारले, आणि २००७ मध्ये या कामासाठी एक संस्था उभी केली.

विमानवाल्यांना ही अक्कल फार मोठी किंमत मोजून आली होती. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मेली. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे का, अशी शंका इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकली. त्यानंतर वैमानिकांना एकत्र काम करण्याचे वेगळे शिक्षण देणे सुरू झाले. पुढे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञाने १९९० च्या सुमारास तेच भूलशास्त्रात आणले. पुतळ्यावर खोटे संकट उभे करायचे, संपूर्ण चमूने ते हाताळायचे, आणि नंतर बसून कोण काय बोलले, कोणी काय ऐकले नाही, याची उजळणी करायची.

हे वाचताना मला हसू आले, कारण ही पद्धत प्रत्येक बी.एड.वाल्याच्या ओळखीची आहे. आपले सूक्ष्म अध्यापन दुसरे काय आहे? सहा मिनिटे शिकवा, सहा मिनिटे प्रत्याभरण घ्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा आखा, पुन्हा सहा मिनिटे शिकवा, पुन्हा प्रत्याभरण. छत्तीस मिनिटांचे चक्र. तेही १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्येच जन्मले. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ करू नये, एवढ्यासाठी आम्हाला सराव देतात. श्वास थांबलेल्या माणसाभोवती उभ्या राहणाऱ्या पाच जणांनी मात्र एकत्र सराव कधी करायचा?

आपल्याकडे ते पाच जण वेगवेगळ्या वाटांनी येतात. डॉक्टर एका कॉलेजातून, सिस्टर दुसऱ्या, तंत्रज्ञ तिसऱ्या. त्यात भाषांची सरमिसळ. औषधांची नावे इंग्रजीत, सूचना हिंदीत, आपसांतले बोलणे मराठीत आणि नातेवाइकांशी दखनीत. वॉर्डातल्या मामा-मावशींना तर कोणी काही विचारतच नाही. रुग्णाची कूस बदलताना हात त्यांचे असतात. २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा भाग आला, हे चांगलेच झाले. पण संवाद एका बाजूने शिकून कसा चालेल?

शिकण्यासारख्या गोष्टी तशा मोजक्याच आहेत. संकटात प्रमुख कोण, ते मोठ्याने ठरवणे. औषध सांगताना नाव घेऊन सांगणे, ऐकणाऱ्याने ते उच्चारून परत सांगणे, दिल्यावर "दिले" म्हणणे. पाळी बदलताना ठराविक क्रमाने रुग्ण सोपवणे. प्रसंग संपल्यावर दहा मिनिटे दोष न देता बोलणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी दिली. तिच्यात सर्वांनी एकमेकांना नाव आणि काम सांगावे, असाही एक मुद्दा आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ दवाखान्यांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले.

सगळ्यांत अवघड आहे ते वरच्याला टोकणे. आपल्या घरांत मोठ्यांपुढे न बोलण्याला अदब म्हणतात. मराठी घरांतही वेगळे नाही. पण अदब आणि भीती या दोन गोष्टी आहेत. अदब राखूनही पायरीपायरीने बोलता येते. आधी विचारायचे, "सर, नळी जागेवर आहे का?" मग सांगायचे, "सर, मला काळजी वाटते, नळीची खूण सरकली आहे." तरीही कोणी वळले नाही तर, "सर, थांबा, आधी नळी पाहा." ही तीन वाक्ये पाठ हवीत, दहा वेळा म्हणून झालेली हवीत. ऐन वेळी सुचत नाहीत.

यात एक धोका मला दिसतो. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दोन दिवसांत आमच्या नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांच्या आणि माणसांच्या तुटवड्याची चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जिथे सिस्टरच कमी आहेत तिथे एकजुटीचे धडे देऊन भागत नाही. रिकामी जागा प्रशिक्षणाने भरत नाही, ती भरतीनेच भरते. पण त्याच दिवसांत एका लोकप्रतिनिधीने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करून घेतले, तेही साऱ्या राज्याने पाहिले. संस्थेच्या प्रमुखाची जिथे अशी जाहीर मानहानी होते, तिथे खालची मुलगी "काहीतरी चुकते आहे" असे कशाच्या बळावर म्हणेल? माणसे अपमानाने सुधारत नाहीत, लपवायला शिकतात. शिक्षक म्हणून हे मी वर्गात रोज पाहते.

जुन्या हैदराबाद संस्थानात, ज्यात आपले नांदेड-लातूरही होते, वैद्यकीय शाळेत एकेकाळी उर्दूतून शिकवत. १८८९ मध्ये तिथे निजामाच्या पैशाने क्लोरोफॉर्मचा मोठा अभ्यास झाला. भूल देणाऱ्याने श्वासावरची नजर हलवू नये, हा त्याचा आग्रह. हृदय आधी थांबत नाही, हा त्यांचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. श्वासावर नजर ठेवण्याचा धडा टिकला. आज श्वासावर एकाच्या जागी पाच जणांची नजर असते. त्या पाच नजरांना एकमेकांचे ऐकू यावे, एवढेच मागणे आहे.

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. आठवड्यातला एक तास, एक पुतळा, आणि डॉक्टर, सिस्टर, तंत्रज्ञ, मामा-मावशी एकाच खोलीत. सुरुवात ज्येष्ठांनी करावी. टोकण्याचे धाडस मुलीत यायला वेळ लागेल, विचारायला मोठ्यांना वेळ लागत नाही. संकटाच्या मध्यावर भूलतज्ज्ञाने मान वळवून एवढेच म्हणावे: "सिस्टर, तुम्हाला काय दिसते?"