खानापूरचा पाऊस आणि पट्टदकलचं दार

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. कणकुंबी आमच्या गावापासून जवळ, तिथेच मलप्रभेचा उगम. सासर धारवाडला, आणि इथे नळाला येतं तेही मलप्रभेचंच पाणी. सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून ते हुबळी-धारवाडला आणलेलं आहे. हीच नदी पुढे पट्टदकलच्या देवळांना लागून वाहते, हे मला माहीत होतं. पण माहेरचा पाऊस आणि त्या देवळांचं बंद दार यांचा संबंध मला २०१९ साली कळला.

त्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या मोठ्या जाऊबाई आणि भावजी आमच्याकडे आले होते. कोल्हापूर-सांगलीला महापूर, महामार्ग बंद, त्यामुळे त्यांचं परतणं लांबलं. जाऊबाईंनी वेरूळचं कैलास लेणं तीनदा पाहिलेलं. कैलासाची कल्पना पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावरून घेतली असं मानतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "अडकलेच आहे तर ते देऊळ तरी दाखव गं," असं म्हणाल्या. पाऊस थोडा उघडला होता. सकाळी निघताना माहेरून वहिनीचा फोन आला, "वन्सं, इकडे चार दिवस झाले, पाऊस हटायला तयार नाही." मी ऐकलं आणि गाडीत बसले. माहेरचा पाऊस माहेरी, आम्ही चाललोय बदामीच्या बाजूला, एवढाच माझा विचार.

नवलगुंद गेलं, नरगुंद आलं. १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबासाहेब भाव्यांचं हे नरगुंद. डोंगरावरचा किल्ला रस्त्यावरून दिसतो. ऊन पडलं होतं, काळ्या रानातून वाफ निघत होती. पुढे जरा अंतरावर पोलिसांनी गाडी थांबवली. "होळी तुंबैत्री, मुंद होगब्याड्री." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, "आत्ता कसली होळी?" इकडच्या कानडीत होळी म्हणजे नदी; ती भरलीय, पुढे जाऊ नका, असं ते सांगत होते. कोण्णूरजवळ मलप्रभा रस्त्यावर आली होती. धरण भरलं, दरवाजे उघडले, आणि वहिनीच्या अंगणातला पाऊस तीन-चार दिवसांनी इथे येऊन पोचला होता, डोक्यावर ढग नसताना.

परत फिरलो. हुबळीत शिरल्यावर उणकलला चंद्रमौळेश्वराचं देऊळ दाखवलं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं, चारही दिशांना दारं असलेलं हे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भोवती घरं इतकी खेटून उभी आहेत की ते एका नजरेत मावत नाही. जाऊबाई तिथल्या जाळीच्या नक्षीवर हात न लावता बोट फिरवत राहिल्या. हुबळीकरांनी तरी हे देऊळ किती वेळा पाहिलंय, असं मला तेव्हा वाटलं. माझीसुद्धा ती दुसरीच खेप होती.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पट्टदकलचे फोटो आले. देवळांच्या आवारात पाणी, गावातल्या घरांतही पाणी.

ऑक्टोबरात मी आणि हे, दोघंच जाऊन आलो. आवार धुऊन काढलेलं होतं. हिरवळ काही ठिकाणी करपल्यासारखी, करड्या थराखाली गेलेली. वरवर पाहता देवळं जशीच्या तशी. पण जोत्यापाशी खाली बसून पाहिलं तेव्हा कोरीव कामाच्या खाचांत वाळलेला गाळ दिसला, पिठासारखा बारीक. मी नखाने काढायला गेले तर राखणदाराने थांबवलं. म्हणाला, बाई, वालुकाश्म आहे, ओला होऊन वाळला की पदर सुटतो, हात लावू नका. राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात, पतीने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयासाठी हे विरूपाक्षाचं देऊळ बांधून घेतलं. बाराशेहून जास्त पावसाळे त्याने काढलेत. माझ्या एका नखाची काय मजाल, असं मनात आलं होतं. पण रोज शेकडो नखं येतात. तेव्हापासून 'बंद आहे' हे शब्द ऐकून माझी चिडचिड होत नाही.

जाऊबाईंचं पाहणं मात्र राहिलेलंच. मार्च २०२० मधली तारीख ठरवली, तर कोरोनामुळे १७ मार्चपासून देशभरातली पुरातत्त्व खात्याची स्मारकं बंद झाली. ती जुलैत उघडली, पण प्रवासाचं धाडस कोणी करेना. अखेर जानेवारी २०२१ च्या एका शुक्रवारी आम्ही पहाटे धारवाड सोडलं. कोण्णूरच्या पुलाखाली नदी इतकी लहान होती की जाऊबाईंनी विचारलं, "हीच का ती?"

विरूपाक्षात आजही पूजा चालते, त्यामुळे चपला बाहेर काढाव्या लागतात. थंडीतसुद्धा दुपारी फरशी तापते, उन्हाळ्यात तर पाय ठरत नाही, म्हणून मोजे मी आधीच दिले होते. लाल वस्त्र पांघरलेल्या काळ्या नंदीसमोर जाऊबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग खांबावरचे रामायणाचे प्रसंग शोधत बसल्या. भावजी दोनदा बोलवायला आले, त्या उठल्या नाहीत. "कैलास वरून खाली कोरत आणलं, हे खालून वर रचलं. पण मन एकच," एवढंच त्या म्हणाल्या.

बदामीची लेणी त्यांनी गुडघे धरत धरत पाहिली. माकडांनी प्रसादाची पिशवी पळवली. संग्रहालयातली लज्जागौरी शेवटी ठेवली होती, कारण तिथे पायऱ्यांचा त्रास नाही. अगस्त्य तीर्थाच्या काठाने चालत गेलो, तर दाराला कुलूप. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. मी पुराची चौकशी केली, कोरोनाची केली, वाराच पाहायचा राहिला.

जाऊबाई आता बाहत्तरच्या आहेत आणि लांबचा प्रवास झेपत नाही. पाहुण्यांना घेऊन तुम्ही निघणार असाल तर शुक्रवार टाळा. आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये इथलं आभाळ पाहून ठरवू नका, खानापुरात पाऊस किती आणि नविलुतीर्थातून पाणी किती सोडलंय ते आधी विचारा.