बादली तशीच राहू द्या

बाळंतिणीच्या खोलीत उजेड असा नसतोच. वारं लागू नये म्हणून खिडकीवर जुनं लुगडं टांगलेलं, दाराला जाड पडदा, बाजेखाली शेगडी आणि निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, लसणाची सालं. डोळे चुरचुरतात. एवढा धूर तान्ह्या लेकराच्या छातीला बरा नाही असं डॉक्टर सांगतात, सुनाही हल्ली सासूला ते ऐकवतात. मग शेगडी दाराबाहेर जाते आणि दोन दिवसांनी हळूच आत येते. नांदेड-लातूरच्या घरांमधून बाळांचे आणि सणांचे फोटो काढत फिरणं हा माझा धंदा. त्या धंद्याची पहिली अडचण म्हणजे ही अंधारी खोली.

फ्लॅश मी वापरत नाही. त्यानं बाळाचे डोळे जातात ही नुसती समजूत आहे, पण त्या झगझगाटात खोली मरते. उरतो एक पांढराफटक चेहरा आणि मागं काळी भिंत. त्यापेक्षा ३५ मिलिमीटरची लेन्स लावावी आणि असेल त्या उजेडात भागवावं. खटक्याच्या आवाजानं बाळ दचकू नये म्हणून कॅमेरा मुका करावा, तर एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ते डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे जातात, पण १/५० ला हलणारे हात पुसट येतात. येऊ देत. थोपटणारा हात स्थिर कसा असेल?

फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "मॅडम, थीम कोणती?" थीम म्हणजे वेताची टोपली, लोकरीची टोपी, मोरपीस लावलेला कृष्ण. लग्नाच्या कामांवर हात बसल्यानंतर काही काळ मीही स्टुडिओत असे फोटो काढले. हनुवटी दोन्ही तळव्यांवर टेकवून बाळ शांत झोपलंय, असा एक प्रसिद्ध फोटो असतो. तान्ह्या बाळाची मान तेवढी धरत नसते. म्हणून एका फोटोत कुणीतरी डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं धरतं, आणि मग दोन्ही फोटो संगणकावर जोडून धरणाऱ्याचे हात पुसून टाकतात. तसं करणंच सुरक्षित, त्यात फसवणूक काही नाही. पण पुसून टाकतात ते हातच मला बघत राहावेसे वाटायचे. कुणाची बांगडी, कुणाच्या नखाखालची हळद. स्टुडिओ सोडून घरोघर जायला लागले ती त्या हातांमागं.

सगळ्यात देखणे हात न्हाऊ घालणाऱ्या मावशींचे. जुन्या नांदेडात, गाडीपुऱ्याच्या बाजूच्या एका घरात भल्या सकाळी गेले होते. बाहेरून आलेल्या गार काचेवर न्हाणीतली वाफ बसते, म्हणून कॅमेरा आधीच दाराशी ठेवून चहा घेतला. मावशी पाटावर बसल्या, पाय लांब सोडले, लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं आणि बाळाला नडग्यांवर पालथं घातलं. तेल जिरवणं, पिठाचा गोळा फिरवून लव काढणं, मग कढत पाणी, तेही आधी स्वतःच्या पायावर ओतून बघायचं. बाळ टाहो फोडत होतं आणि मावशी शेजारणीशी रेशनच्या गव्हावर बोलत होत्या. हातांचं हातांना चाललेलं. मी जमिनीला टेकून, त्यांच्या तळपायांच्या उंचीवरून फोटो घेत होते.

"माझा काय काढायलीस बाई? लेकराचा काढ की."

"लेकराचाच काढायले, मावशी. तुम्ही मधी येतायत."

त्या हसल्या आणि पुन्हा गव्हाकडं वळल्या.

फोटो बघून बाळाच्या बाबांनी एकच दुरुस्ती सुचवली. मागं रंगाची रिकामी बादली होती, गरम पाण्याची. ती तेवढी काढून टाका म्हणाले. मी म्हटलं, दादा, बादली तशीच राहू द्या. आणखी वीस वर्षांनी हा मुलगा फोटो बघेल तेव्हा आपल्याला कशा बादलीतलं पाणी घातलं हे त्याला दुसरं कोण सांगणार? ते गप्प बसले. पटलं म्हणून की फोटोग्राफरशी वाद नको म्हणून, कोण जाणे.

१९५१ सालच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'लाइफ' मासिकात युजीन स्मिथ या छायाचित्रकाराची एक चित्रमालिका आली. दक्षिण कॅरोलिनातल्या मॉड कॅलन या कृष्णवर्णीय सुईणीच्या कामाची. चिखलातून घरोघर जाणारी, कंदिलाच्या उजेडात बाळंतपणं करणारी बाई. ती पाहून वाचकांनी इतके पैसे पाठवले की तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. त्या मालिकेत बाळं आहेत, पण नजर बाईवर आहे. आपल्याकडच्या मावशी मात्र अजून अल्बमच्या बाहेरच. बारशाला त्यांना साडी-चोळी मिळते, फोटोत मात्र जागा नसते.

बारशाबद्दल फार सांगत नाही. पाळणा, घुगऱ्या, आत्यानं कानात केलेलं कुर्र. तिथं मोबाइल इतके असतात की माझी गरज कमीच. त्यापेक्षा नांदेडच्या इतवाऱ्यातल्या एका मुसलमान घरचा अकिका आठवतो. सातव्या दिवशी जावळ उतरवलं आणि केसांच्या भाराएवढ्या चांदीचं मोल दान करायचं म्हणून सोनाराकडचा बारीक काटा आणला. तीन पिढ्यांच्या बाया त्या काट्यावर वाकल्या होत्या. केस किती भरले याच्यापेक्षा काटा खरा का खोटा यावरच चर्चा जास्त रंगली. तो फोटो माझ्या आवडत्यांपैकी आहे.

पाचवीचं मात्र वेगळं. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं प्राक्तन लिहिते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. लातूर जिल्ह्यातल्या एका गावी मला खास त्यासाठी बोलावलं होतं. बोलावलं होतं सुनेनं. आजींना पत्ता नव्हता. त्यांनी मांडामांड करू दिली, दिव्याचा, पाटा-वरवंट्याचा फोटो घेऊ दिला. आणि मग म्हणाल्या, "आता बास. तिला लिहू दे. तू हितं बसलीस तर ती कामून येईल?" याला उत्तर नव्हतं. कॅमेरा पिशवीत घालून मी ओसरीवर वाकळ अंगावर घेऊन झोपले. गंमत म्हणजे दृष्ट लागेल म्हणून माझ्यावर एवढे निर्बंध आणि बाळाच्या मामानं तिसऱ्याच दिवशी स्टेटस ठेवलं होतं. चेहऱ्यावर एक पिवळं हसरं चित्र चिकटवलं की दृष्ट लागत नाही, असा नवा तोडगा निघाला आहे.

बाई असल्यामुळं मला आत तरी जाता येतं. हे काही नवीन नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा राजा दीनदयाळ हे दरबारचे छायाचित्रकार होते. त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईला नेमलं. अर्थात तिथं जायच्या त्या बड्या घरच्या. आमच्या नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या बाळंतिणीचा फोटो तेव्हा कोण काढणार?

भाद्रपदात महालक्ष्म्या. आमच्याकडं गौरी कुणी म्हणत नाही, महालक्ष्म्याच, आणि त्या उभ्या असतात. धडाला कोठ्या, वर मुखवटे, पुढं त्यांची लेकरं. ज्येष्ठा नक्षत्रावर जेवायला घालायचं, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, आंबील. आरास झाली की घराघरांत फोटो निघतात आणि सगळे एकसारखे दिसतात, लाइटिंगच्या माळांसकट. खरं बघण्यासारखं असतं ते आदल्या रात्री. लातूरला एका घरी चार जावा मिळून कोठ्यांना साड्या नेसवत होत्या. एकीच्या दातांत पिना, दुसरी कोठीला पाठीमागून मिठी मारल्यागत निऱ्या धरून उभी, तिसरी लांबून "डावीकडं उतरलंय" म्हणत होती. मी कॅमेरा उचलला तशी थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ताई, अजून नेसवून व्हायचंय. पदर होऊ द्या, मग काढा." देवीचा अर्धवट नेसलेला फोटो काढायचा नाही. मी लेन्स खाली, बायकांच्या पावलांकडं वळवली, ते चाललं. शेजारच्या खोलीत त्यांचीच धाकटी नणंद बाळाला पाजत होती. तिथला दरवाजा उघडाच होता, पण मी गेले नाही. बोलावलं तेव्हा गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. नैवेद्याचं ताट सगळ्यांच्या अल्बममध्ये असतं. पुरण वाटून दंड भरून आलेली बाई, चुलीवरचा घाम पाठच्या हातानं पुसणारी, कुणाच्याच अल्बममध्ये नसते. "आमचे कपडे बघा की, असल्यात काढू नका," हे एवढं एकच त्या म्हणतात. ते खरंही असतं. कुणाचा फोटो ठेवायचा, कुणाचा नाही, हे मी त्यांनाच संध्याकाळी बसवून विचारते. आश्चर्य म्हणजे मळक्या साडीतले फोटो फारसं कुणी काढून टाकायला लावत नाही. पोट दिसतंय, ते मात्र चालत नाही.

आणि येळवस. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर-धाराशिवकडचा खरा सण. पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही उमगत नाही. लातुरात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. गंजगोलाई, जिथं एरवी सोळा रस्त्यांनी माणूस येऊन पडतं, तिथं कुत्रं दिसत नाही. सगळे रानात. ज्याचं रान नाही त्याला दुसऱ्याचं आवतण असतं. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभऱ्याला घाटे, करडई फुलायला आलेली. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुना लावलेले पाच पांडव मांडतात. घरची बाई पहाटेपासून कामाला लागलेली असते, खरं तर आदल्या रात्रीपासूनच. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकातली आंबील, मडक्यात. आंबील नि भज्जीच्या चवीबद्दल लिहायला बसले तर फोटोचं राहून जाईल.

औशाकडं एका रानात चार महिन्यांच्या मुलीची ती पहिली येळवस. कोपीत पांडवांशेजारीच वाकळ टाकून तिला झोपवली होती, बाहेर ऊन आणि आत गार. कडब्याच्या फटींतून येणारा उजेड तिच्या तोंडावर रेघा काढत होता. इतका सोपा उजेड मला वर्षभरात मिळत नाही. आजोबा आंबील शिंपडत बांधानं फिरून आले, मुलीच्या हातावरही दोन थेंब टाकले. तिनं मूठ तोंडात घातली आणि तोंड असं काही वाकडं केलं की अख्खी पंगत हसली. तो फोटो आहे; हसणारे बारा-पंधराजण आणि मधी रडायच्या बेतात आलेली ती. संध्याकाळी कडब्याचा टेंभा पेटवून पोरं रानातून पळाली, तेव्हा मात्र माझ्या कॅमेऱ्यात नुसत्या ज्वाळांच्या रेघोट्या आल्या.

कागदावर छापून देणं मी कधी सोडलं नाही, त्याला एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं नुकती अंथरुणाला पाठ टेकत होती. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. घरं बसली ती माणसांवरच. सुमारे ८ हजार माणसं गेली, ५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवावी लागली. त्या नव्या गावांपैकी एकात नातवाच्या बारशासाठी गेले होते. बैठकीच्या भिंतीवर १९९३ च्या आधीचं काहीही नव्हतं. बाळाच्या आजोबांचा लहानपणचा फोटो मागितला, बाळाशेजारी ठेवून बघू म्हणून. ते म्हणाले, "होता की. ट्रंकेत. ट्रंक सापडली न्हाई." त्यांच्या थोरल्या बहिणीचा एक फोटो वाचला होता, तिच्या सासरी लातूरला होता म्हणून. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दोन प्रती काढा. एक इथं, एक दुसऱ्या गावी, मामाकडं, आत्याकडं, कुठंही. फोनचं काय, तो पाण्यात पडतो.

या दोन प्रतींवरून गेल्या पावसाळ्यात एका घरी चांगलंच वाजलं. बाळंतीण बाजेवर गाढ झोपलेली, तोंड उघडं, केस विस्कटलेले. पायथ्याशी नवरा तिचे पाय चेपतोय, खांद्यावर बाळाचं दुपटं. मला तो फोटो पहिल्या पानावर हवा होता. नवऱ्यानं एकट्यानं फोन करून सांगितलं, "तेवढा काढून टाका मॅडम, मित्र बघतात." सासूबाईंचं म्हणणं पडलं की मामाकडच्या प्रतीत असू द्या, इकडच्यात नको. मी म्हटलं, झोपलीय तिला विचारू. तिनं फोटो बराच वेळ बघितला. "मी असं तोंड उघडं टाकून झोपते?" मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, "ह्याला फ्रेम करून द्या ताई, मोठी. १२ बाय १८ चालंल."

आता तो त्यांच्या बैठकीत आहे, टीव्हीच्या वर.